सांखवाळचा मास्तर : धर्मानंद कोसंबी यांची शिकण्याची आणि शिकवण्याची रीत

ऑक्टोबर उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये दीक्षाभूमीला जाण्याची तयारी सुरू होते. रेल्वेची तिकिटे, विहाराची रंगरंगोटी, पांढऱ्या कपड्यांना इस्त्री, व्याख्यानमालेचे पाहुणे. या गडबडीत ९ ऑक्टोबर हा दिवस येतो आणि कोणाच्या लक्षात न येता निघून जातो. १८७६ साली याच तारखेला गोव्यातील सांखवाळ या गावी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. मराठी माणसाला पाली त्रिपिटकाचे दार आतून उघडून देणारा हा पहिला मास्तर. आम्ही त्यांना मुद्दाम मास्तर म्हणतो. पंडित, आचार्य, संशोधक या पदव्या त्यांना इतरांनी दिल्याच आहेत. आम्हाला आज त्यांच्यातल्या शिक्षकाविषयी बोलायचे आहे.

कारणही सांगून टाकतो. आमच्या ओळखीच्या एका विहारात दोन वर्षांपूर्वी पालीचा वर्ग मोठ्या उत्साहाने सुरू झाला. पहिल्या रविवारी चटया कमी पडल्या. तिसऱ्या महिन्यात पाच जण उरले आणि त्यातले दोन शिकवणाऱ्याच्या घरचे होते. शिकवणारा विद्वान होता, तळमळीचा होता. तरी असे का झाले, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली आणि बोलता बोलता गाडी धर्मानंदांवर येऊन थांबली.

धर्मानंदांकडे शिक्षक होण्यासाठी लागणारे म्हणून जे समजले जाते त्यातले काहीही नव्हते. पोर्तुगीज राजवटीतल्या खेड्यात वाढलेला मुलगा, शाळेचे शिक्षण अगदी तुटपुंजे, लहान वयात लग्न आणि मग घरच्या नारळाच्या बागेची देखभाल. घर सारस्वत ब्राह्मणाचे होते, त्यामुळे जातीची बेडी त्यांच्या पायात नव्हती, हे आपण विसरू नये. पण इंग्रजी नाही, संस्कृत नाही, पदवी नाही, पैसा नाही. होती ती एक भूक. १८९७ च्या सुमारास त्यांच्या हातात मिशनऱ्यांनी मुलांसाठी चालवलेले ‘बालबोधमेवा’ हे मासिक पडले. त्यात बुद्धाविषयी एक लेख होता. मुलांसाठी लिहिलेला साधा लेख. तो वाचून या वीस-एकवीस वर्षांच्या तरुणाच्या मनाने असे काही घेतले, की बुद्धाचा धर्म मुळापासून शिकल्याशिवाय आयुष्याला अर्थ नाही. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचे मराठी बुद्धचरित्र प्रसिद्ध झाले. हेच केळुसकर गुरुजींचे पुस्तक १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती आले, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. मराठीतल्या दोन साध्या लेखनांनी दोन माणसांच्या आयुष्यात ठिणगी टाकली. मुलांसाठी कोणी साधे-सोपे लिहीत असेल तर त्याला हलके समजू नये.

१८९९ च्या अखेरीस धर्मानंद घराबाहेर पडले. घरी पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक. या प्रसंगाचे वर्णन करताना पुष्कळ लेखक सिद्धार्थाच्या गृहत्यागाची उपमा देतात. आम्हाला ती देववत नाही. बाळाबाईंनी जवळजवळ सात वर्षे तान्ह्या मुलीला घेऊन कशी काढली असतील, याचा हिशोब त्या उपमेत कुठेच येत नाही. धर्मानंदांनी स्वतःच्या आत्मचरित्रात, म्हणजे ‘निवेदन’मध्ये, आपल्या चुका झाकलेल्या नाहीत, आपणही झाकू नयेत.

पुण्यात ते रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले, संस्कृतचे पहिले धडे घेतले. तिथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि संस्कृत शिकायचे. १९०२ मध्ये बुद्धाच्या शोधात नेपाळ गाठले, तर तिथे धर्माची जी अवस्था दिसली तिने निराशा झाली. मग बोधगया, तिथून कलकत्ता आणि महाबोधी सभेच्या मदतीने सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पालीचा खरा अभ्यास सुरू झाला. तिथेच ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात राहिले, ध्यान केले, ग्रंथ वाचले. सिंहली लिपीतले वाचायचे, बर्मी लिपीतले वाचायचे, अर्थ लागला नाही तर विचारायचे, आणि ज्याला विचारायचे त्याची भाषा येत नसेल तर पालीतच मोडकेतोडके बोलायचे.

त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या माणसाकडे पाहा. बरोबरीचे लोक वकील, कारकून, मास्तर होऊन स्थिरावलेले. हा माणूस परक्या देशात, न पचणारे अन्न खात, लहान पोरांच्या रांगेत बसून मुळाक्षरे गिरवतो आहे. यातून त्यांना जे मिळाले ते नुसते पालीचे ज्ञान नव्हते. शिकणारा कुठे अडतो, कुठे लाजतो, कुठे सोडून देतो, हे त्यांना अंगावर सोसून कळले. लहानपणापासून ज्याला विद्या सहज मिळाली, त्याला हे कळायला फार वेळ लागतो. काहींना शेवटपर्यंत कळत नाही. धर्मानंदांची उणीव हीच त्यांची शिक्षक म्हणून सगळ्यात मोठी ताकद झाली, असे आमचे मत आहे. त्यांची मराठी पुस्तके उघडून पाहा. वाचकाला आधीपासून काही ठाऊक आहे असे ते कुठेही धरून चालत नाहीत. पारिभाषिक शब्द आला की थांबतात, समजावतात, मग पुढे जातात. वाक्ये छोटी, सरळ. विद्वत्तेचा दरारा नाही.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले. चीवर उतरवले होते. तिथल्या नॅशनल कॉलेजात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. आशुतोष मुखर्जींसारखा कुलगुरू पाठीशी होता. घरच्यांशी पुन्हा संबंध जुळला. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला, जो पुढे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला. कोणीही म्हणेल, आता झाले. नोकरी आहे, मान आहे, विषय आवडीचा आहे.

पण धर्मानंदांना एक गोष्ट टोचत होती. आपण ज्या लोकांच्या भाषेत वाढलो, त्या लोकांना यातले काहीच पोचत नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याशी गाठ पडली. महाराजांनी देऊ केले ते असे : महाराष्ट्रात कुठेही राहा, तीन वर्षे महिना ५० रुपये देऊ, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. इकडे कलकत्ता विद्यापीठ पगार २५० रुपयांपर्यंत न्यायला तयार होते. धर्मानंदांनी पन्नास रुपये स्वीकारले. घरात पत्नी आणि दोन मुले असताना.

आपल्या वाचकांना इथे दुसरी एक गोष्ट आठवेल. त्याच सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले आणि पुढे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवले. एकाच संस्थानिकाच्या खजिन्यातून थोडेसेच पैसे निघाले आणि महाराष्ट्रात बुद्ध परत येण्याची दोन टोके त्यातून तयार झाली. तेव्हा हे त्या तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून १९१० मध्ये ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटे पुस्तक निघाले. १९१४ मध्ये ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आले. त्यात जातककथा आहेत, चरित्र आहे, उपदेश आहे, आणि सगळे गोष्टीवेल्हाळ मराठीत आहे. उपदेशाआधी गोष्ट, हा क्रम त्यांनी आपल्या मनाने ठरवला नव्हता. तथागतांनी तसेच केले होते. पण पालीतून तो क्रम उचलून मराठी चुलीपुढे आणून ठेवणे हे काम धर्मानंदांचे.

मधल्या काळात अमेरिका घडली. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असताना त्यांची धर्मानंदांशी ओळख झाली. हार्वर्डमध्ये एक काम अडून बसले होते. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती आणि ती अपुरी असतानाच तो वारला होता. ते पुरे करायला हा ग्रंथ आतून जाणणारा माणूस हवा होता. १९१० मध्ये धर्मानंद तिथे गेले. शाळाही धड न पाहिलेला सांखवाळचा माणूस हार्वर्डमध्ये!

विसुद्धिमग्गाविषयी इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. कारण धर्मानंदांनी आयुष्यातली सर्वात जास्त वर्षे ज्या ग्रंथाला दिली तो हा, आणि शिक्षकाने विद्यार्थ्याला कसे ओळखावे याचे इतके बारीक विवेचन आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही. ग्रंथ पाचव्या शतकातला, सिंहलद्वीपात लिहिलेला. ध्यानाचे चाळीस विषय त्यात सांगितले आहेत. त्यांना कम्मट्ठान म्हणतात. आता चाळीस विषय आहेत म्हणून सगळ्यांना चाळीसही शिकवायचे का? नाही. बुद्धघोष सांगतात की माणसांचे स्वभाव, म्हणजे चरित, सहा प्रकारचे असतात : रागचरित, दोसचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित. शिकवणारा कल्याणमित्र आधी विद्यार्थ्याचे चरित ओळखतो आणि मग त्याला मानवेल असा विषय देतो.

ओळखायचे कसे? त्याची चाल पाहून, त्याचे काम पाहून, त्याचे जेवण पाहून, तो एखाद्या वस्तूकडे कसे बघतो ते पाहून. एक भिक्खू अंगण झाडतो तर खराटा नीट धरतो, घाई करत नाही, वाळू विस्कटू न देता सारखी करतो. तो रागचरित, त्याला सौंदर्याची ओढ आहे. दुसरा खराटा घट्ट आवळून खसाखसा झाडतो, दोन्ही बाजूंना वाळू उडवतो. तो दोसचरित. तिसरा खराटा ढिला धरतो, अर्धे झाडतो, अर्धे तसेच राहते. तो मोहचरित. जेवणातही तसेच : एकाला स्निग्ध, गोड आवडते आणि तो चवीने सावकाश जेवतो, दुसरा रुक्ष, आंबट पसंत करतो आणि चव न घेता घाईने भरभर खातो, तिसऱ्याची आवड ठरलेली नाही आणि त्याची शिते सांडतात. आपल्या विहारात श्रमदानाला जमलेली माणसे डोळ्यांपुढे आणा, लगेच पटेल!

पण याहून महत्त्वाचे पुढे आहे. बुद्धघोष म्हणतात की रागचरित आणि श्रद्धाचरित हे एकमेकांच्या जवळचे आहेत. रागी माणूस विषयाला चिकटतो, श्रद्धावान शीलाला चिकटतो, चिकटणे तेच. दोसचरित आणि बुद्धिचरित जवळचे. द्वेषी माणूस नसलेले दोष शोधतो, बुद्धिमान असलेले दोष शोधतो. दोष शोधण्याची नजर तीच. मोहचरित आणि वितर्कचरित जवळचे, कारण दोघेही अस्थिर. एक गोंधळामुळे, दुसरा सारखे तर्क चालल्यामुळे. म्हणजे वर्गातला जो मुलगा सारखे खोडे काढतो, उलट प्रश्न करतो, मास्तरांना नकोसा वाटतो, त्याच्या हातात प्रज्ञेचे हत्यार आहे. त्याला गप्प बसवले तर हत्यार गंजते. त्याला धार दिली तर? दोसचरिताला मैत्री-करुणा-मुदिता-उपेक्षेची भावना द्यावी, बुद्धिचरिताला मरणानुस्सति किंवा चार धातूंचे पृथक्करण असे खोल, कठीण विषय द्यावेत, श्रद्धाचरिताला बुद्ध-धम्म-संघादी सहा अनुस्सति द्याव्यात, मोही आणि वितर्की माणसाला श्वासावर, आनापानावर बसवावे, असा तो सगळा बेत आहे.

धर्मानंदांनी हा ग्रंथ सिंहली आणि बर्मी परंपरेतल्या पाठांशी ताडून ओळीने तपासला, एकदा नव्हे, कित्येकदा. मग १९२५ मध्ये ‘समाधिमार्ग’ हे मराठी पुस्तक लिहून कम्मट्ठानांची ओळख साध्या वाचकाला करून दिली. आता हा ज्याच्या मुरलेला आहे तो शिक्षक सगळ्या विद्यार्थ्यांना एकाच काठीने हाकील का? त्यांच्या विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल पाहिली की आम्हाला याचे उत्तर मिळते. ते थोड्या वेळाने.

हार्वर्डमध्ये प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले. प्रश्न श्रेयाचा होता. आवृत्ती वॉरनच्या नावाने निघावी आणि धर्मानंदांचे स्थान मदतनिसाचे असावे, असा लॅनमन यांचा आग्रह. ज्याने ग्रंथाचा शब्द न् शब्द तपासला त्याला हे कसे मान्य होणार? धर्मानंद १९१२ मध्ये काम अर्धवट ठेवून परत आले. १९१८ मध्ये पुन्हा गेले, या वेळी माणिक आणि दामोदर या मुलांना घेऊन; तेव्हाही वाद मिटला नाही. पुढे १९२६-२७ च्या खेपेत काम पूर्ण झाले. प्रत्यक्ष पुस्तक छापून निघाले १९५० साली. तोवर लॅनमनही गेले होते आणि धर्मानंदही. मुखपृष्ठावर वॉरनच्या नावाखाली सुधारून देणारे म्हणून धर्मानंदांचे नाव आले.

धर्मानंदांनी त्या वादात तडजोड करायला हवी होती, असे म्हणणारे आहेत. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्यांच्या कष्टावर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची नावे लागली, त्या समाजातले आम्ही आहोत. कष्ट करणाऱ्याने आपले नाव मागण्यात गैर काय ते आम्हाला समजत नाही. शिवाय त्यांनी रुसून ग्रंथ टाकून दिला नाही. १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांनी संपादित केलेला विसुद्धिमग्ग देवनागरी लिपीत प्रसिद्ध केला. हार्वर्डच्या आधी दहा वर्षे, आणि आपल्या मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत. सिंहली, बर्मी लिपी शिकण्यात स्वतःची जी वर्षे गेली ती पुढच्या विद्यार्थ्याची जाऊ नयेत, हा त्यातला हेतू उघड दिसतो. अभिधम्मत्थसंगहावर त्यांनी सोप्या पालीत टीका लिहिली आणि तिचे नाव ठेवले ‘नवनीत’. ताक घुसळण्याचे काम स्वतः केले, लोणी विद्यार्थ्याच्या हातावर ठेवले.

आता १९१२. धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी यासाठी त्यांनी भांडारकरांच्या पाठिंब्याने खटपट केली होती. हे वर्ष आपल्या दृष्टीने फार बोलके आहे. त्याच सुमारास, त्याच विद्यापीठातून, एल्फिन्स्टन कॉलेजचा विद्यार्थी भीमराव रामजी आंबेडकर बी.ए. होत होता, विषय इंग्रजी आणि फारसी. फारसी का? तर शाळेत असताना अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत शिकू दिले नव्हते. जी भाषा कोणाच्या मालकीची नव्हती, जिच्यात बुद्धाचे वचन सगळ्यांसाठी होते, ती पाली विद्यापीठात येत होती नेमकी ते बाहेर पडत असताना. धर्मानंदांच्या फर्ग्युसनच्या वर्गात आपली मुले नव्हती. ती तिथे पोचण्याची सोयच नव्हती. त्या वर्गातले बहुतेक विद्यार्थी वरच्या जातींतले होते, हे नमूद करूनच पुढे जाऊ.

त्या सहा वर्षांतले तीन विद्यार्थी घेऊ. चिंतामण वैजनाथ राजवाडे यांचा कल भाषांतराकडे. त्यांनी दीघनिकाय मराठीत आणण्याचे काम केले. ना. के. भागवत यांचा पिंड शिकवण्याचा आणि पाठ्यग्रंथ तयार करण्याचा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी पाली शिकवली आणि मुंबई विद्यापीठासाठी देवनागरीत पाली ग्रंथ संपादित केले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांची वृत्ती चिकित्सकाची. त्यांनी विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांची तुलना करून हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. तिघांच्या वाटा तीन. एकानेही नुसती गुरूची नक्कल केली नाही. वर्गातल्या प्रत्येकाला त्याच्या चालीने चालू देणारा मास्तर असेल तरच असे होते. आणि १९१८ मध्ये धर्मानंद फर्ग्युसन सोडून गेले तेव्हा पाली बंद पडली नाही. बापटांनी ती पुढे तिथेच शिकवली.

सोडून जाण्याची ही सवय मात्र आयुष्यभर राहिली. १९२२ ते १९२५ ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. १९२९ मध्ये लेनिनग्राडला गेले, तिथे श्चेरबात्स्कींच्या भोवती बौद्ध अभ्यासकांचे मंडळ होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. १९३१-३२ मध्ये चौथ्यांदा हार्वर्ड. मग काशी. १९३५ मध्ये ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’. त्यांच्यात एक अस्वस्थपणा होता. बुद्धघोषांच्या सहा चरितांत त्यांना बसवायचे तर आम्ही श्रद्धा आणि बुद्धी या दोन्हींत बसवू, आणि चिमूटभर वितर्कही टाकू. संस्था बांधणे, तिचे पैसे उभे करणे, समित्यांची भांडणे सोसणे, पंधरा-वीस वर्षे एका जागी पाय रोवून राहणे हा त्यांचा पिंड नव्हता. ते नेते झाले ते विद्यार्थ्यांपुरते. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज. ती वेगळी ताकद होती आणि ती धर्मानंदांकडे नव्हती. एकाच माणसात सगळे शोधू नये.

तरीही एक प्रयत्न त्यांनी केला, आणि तो आपल्याच दारात. १९३७ मध्ये मुंबईला परळमध्ये, गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी ‘बहुजन विहार’ सुरू केला. नावच पाहा. पैसा बिर्लांचा होता, वस्ती कष्टकऱ्यांची. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतरचा तो काळ. धर्मांतर कुठल्या धर्मात, याची देशभर चर्चा होती. प्राध्यापकी, हार्वर्ड, काशी हे सगळे झाल्यावर साठीतला हा माणूस चाळींमध्ये येऊन बसतो, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. पण दोन वर्षांतच ते तिथून निघाले. ते गांधीजींना मानणारे होते, बाबासाहेबांचा राजकीय रस्ता वेगळा होता. परळच्या चाळीतल्या माणसाचे मन कोणाकडे होते हे सांगायला नको. मास्तर चांगला होता, वस्ती योग्य होती, तरी वर्ग भरला नाही. शिकणाऱ्याचा विश्वास आधी मिळवावा लागतो, आणि तो नुसत्या विद्वत्तेने मिळत नाही, सद्भावनेनेही मिळत नाही. त्याच्या लढ्यात तुम्ही कुठे उभे आहात, हे तो बघतो. विहाराच्या पालीवर्गाची जी गोष्ट आम्ही सुरुवातीला सांगितली, तिचे एक कारण इथे तर नसेल? त्या वर्गात व्याकरण होते. वस्तीतल्या पोरांच्या आयुष्यातला एकही प्रश्न नव्हता.

परळ सोडल्यावर त्यांनी ‘भगवान बुद्ध’ हा आपला सर्वांत परिपक्व ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही लाडकी कथा त्यांनी त्यात बाजूला ठेवली. जुन्या सुत्तांचा आधार घेऊन शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण आणि शस्त्र हाती धरण्याचा वीट यांकडे बोट दाखवले. ‘बोधिसत्त्व’ नावाचे नाटकही याच धाग्यावर लिहिले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग किती मध्यवर्ती आहे, हे आपल्याला पाठ आहे. पाण्यासाठी महाडला उतरलेल्या माणसाने तो प्रसंग का उचलला असेल, हे वेगळे सांगायची गरज नाही. दोघांचे राजकारण जुळले नाही, पण रोहिणीच्या काठी दोघे भेटले.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. कातडीची असह्य खाज, अन्न पचेना. पार्श्वनाथांच्या चातुर्यामधर्माचा ते या काळात अभ्यास करत होते आणि शरीर उपयोगाचे राहिले नाही तर ते उपवासाने सोडावे या विचारापाशी आले होते. १९४६ मध्ये एकदा अन्न सोडले, गांधीजींच्या सांगण्यावरून पुन्हा घेतले. पण पुढे सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर होते. या मरणाविषयी आमच्यात एकमत नाही. मध्यम मार्ग शिकवणाऱ्या माणसाने हा शेवट निवडावा, हे आमच्यातल्या काहींना पटत नाही. काहींना त्यातली शांतता मोठी वाटते. जाण्यापूर्वीही त्यांच्या मनात एक गोष्ट होती : इथल्या विद्यार्थ्यांनी सिंहलद्वीपाला जाऊन पाली शिकावी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते स्वतः गेले होते तसे, पण खर्चाची सोय करून.

१९५६ हे अडीच हजाराव्या बुद्ध जयंतीचे वर्ष. भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने त्या निमित्ताने बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांचा इतिहास सांगणारा इंग्रजी ग्रंथ काढला. संपादक होते पु. वि. बापट. साहित्य अकादमीने ‘भगवान बुद्ध’ची इतर भारतीय भाषांमध्ये भाषांतरे करवून घेतली. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, धर्मानंदांच्या ऐंशीव्या जन्मदिनानंतर अवघ्या पाच दिवसांनी, नागपूरच्या मैदानात लाखो लोकांनी पालीत त्रिशरण आणि पंचशील म्हटले. त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते.